गहाळ नव्हे

जबाब देणार: वर नाव नोंदवलेली बाई, सगळे म्हणतात पट्टेवाली, वय ४७, धंदा पिशव्यांचे पट्टे शिवणे, राहणार गोदामामागची दुसरी गल्ली, जिना चढून डावीकडची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, पट्टेवाली हे माझं धंद्यावरून पडलेलं नाव आहे. मी शिपाईण नाही. आज दारावर नाव सांगितलं तेव्हा तिथल्या शिपायाने मला आपल्यातलीच समजून फायलींचा एक गठ्ठा आत न्यायला लावला. तो मी आणून टेबलावर ठेवला आहे.

मी वरील पत्त्यावर नणंदेसोबत राहते. तिला मी अक्का म्हणते. तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा. तो वारून बरीच वर्षं झाली आणि आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला उरलो. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, गल्लीत कोणालाही विचारा. भाजीत मीठ जास्त पडलं तरी आमचं बोलणं बंद होतं, आणि मीठ जास्त पडतं ते तिच्याच हातून. हे आधीच सांगते, कारण नणंदेवरच्या मायेने मी हे केलं असं कोणी लिहू नये.

अक्का चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घासत होती. तिला ऐकू कमी येतं, नजर मात्र घारीची आहे. आम्ही दोघी कामाला सायकलनेच जायचो, ती तिच्या वाटेने, मी माझ्या. सायकलवर फोन कुठे ठेवावा यावरून आमचा कायमचा वाद होता. माझं म्हणणं, सीटखाली पिशवी बांधावी, फोन तिच्यात घालावा आणि चेन ओढावी. मागच्या खिशात ठेवला तर बसताना पिचतो नाहीतर वाटेत पडतो. टोपलीत ठेवला तर खड्ड्यात उडतो. हँडलला अडकवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला आमंत्रण. आणि अंगावर तर बांधूच नये, कारण ओढणारा फोन ओढतो आणि फोनबरोबर माणूस जातं.

अक्का म्हणायची, "सीटखाली वाजलेला मला काय ऐकू येणार? छातीशी असला की थरथरतो, तेवढं तरी कळतं." म्हणून ती चष्म्याच्या मऊ घरात फोन घालून ते नायलॉनच्या दोरीने गळ्यात तिरकं अडकवायची. मी नीट पट्टा शिवून देते म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या हातचं नको. वर्षभर ऐकवशील." ते खरं आहे. ऐकवलंच असतं.

दोन महिन्यांपूर्वी कामावरून परतताना गोदामाच्या भिंतीलगत, जिथे नाल्याचा लोखंडी कठडा सुरू होतो तिथे, मागून एक मोटारसायकल आली. अक्काला ती ऐकू आली नाही. चालवणाऱ्याने तिच्या दोरीत डावा हात घातला, मनगटाला एक वेढा घेतला आणि गाडी सोडली. दोरी तुटली नाही. अक्का सायकलवरून खाली आली आणि कठड्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत फरफटत गेली. तिथे दोरी तिच्या डोक्यावरून निघाली. हे सगळं तिने मला दवाखान्यात सांगितलं. गाडीला डाव्या बाजूचा आरसा नव्हता, आणि हेल्मेटची काच तडकलेली होती, तिला पांढरी चिकटपट्टी लावली होती, हेही सांगितलं. खांदा निखळलेला असताना तिने चिकटपट्टीचा रंग पाहून ठेवला. आमची अक्का आहे ती.

चौथ्या दिवशी ती याच ठाण्यात, याच टेबलाशी आली होती. मी बाहेर सायकलपाशी उभी होते. ज्यांनी लिहून घेतलं ते हवालदार आज माझाही जबाब लिहून घेत आहेत. (हे लिहायला नको असं ते म्हणाले. मी लिहा म्हटलं.) त्यांनी लिहिलं की, सायकलवरून जात असताना तोल जाऊन पडल्याने इजा झाली व त्या गडबडीत मोबाईल गहाळ झाला. आरसा लिहिला नाही. चिकटपट्टी लिहिली नाही. खाली लिहिलं की, वाचून दाखवलं, बरोबर आहे. वाचून दाखवलं असेल, मी नाही म्हणत नाही. तिला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली आणि सही केली.

घरी आल्यावर मी तो कागद तिला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला. मग म्हणाली, "गहाळ? गहाळ म्हणजे मी हरवला? मी वेंधळी?" मी म्हटलं, त्यांची पद्धत आहे, गहाळ लिहिलं की शोधायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा आलो, तर सांगण्यात आलं की एकदा लिहिलं ते लिहिलं.

अक्काचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. काच घासायला दोन्ही हात लागतात, म्हणून दुकानाने तिला घरी बसवलं. सायकल जिन्याखाली उभी आहे. सकाळी तिची वेणी मी घालते. इतक्या वर्षांत मी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. ती म्हणते, "वेणी घालतेस की पट्टा शिवतेस? जरा सैल घाल." मी सैल घालते. मग ती म्हणते, सुटते.

हवालदारांशेजारी बसलेल्या साहेबांनी विचारलं की हे सर्व प्रस्तुत प्रकरणाशी कसं संबंधित आहे. तेच सांगते आहे.

मी फोन दुरुस्तीच्या दुकानातून शोकेसमधला एक नकली फोन आणला. आत मशीन नाही, नुसतं खोकं. गाडीच्या सीटची जी पट्टी असते, कमरेला लावायची, तसलीच मी पिशव्यांना रोज शिवते. तिचा एक लांब तुकडा घेतला. एका टोकाला फोनचं घर शिवलं आणि पुढे गळ्यात अडकवण्याएवढा मोठा फास ठेवला. दुसरं टोक मोकळं ठेवलं. शिवण कशी घातली असं विचारलंत, म्हणून सांगते. चौकोन आणि त्यात फुली, तिहेरी दोऱ्याने. ती सुटत नाही.

त्यानंतर रोज कामावरून येताना मी त्याच भिंतीपाशी उतरायचे. सायकल कठड्याला टेकवायचे, पट्टीचं मोकळं टोक टोपलीखालून नेऊन कठड्याच्या खांबाला बांधायचे, फास हँडलवर लोंबत ठेवायचे आणि साखळी उतरल्याचं सोंग करून खाली बसून राहायचे.

चोर यायचा सोडून रोज सज्जनच यायचे. "बाई, फोन आत ठेवा, दिवस बरे नाहीत." "मावशी, असा बाहेर टांगतात का?" एका पोस्टमनने तर सायकल थांबवून मला अर्धा तास शहाणपण शिकवलं. फोन सीटखाली कसा बांधावा ते मला, पट्टेवालीला, समजावून सांगितलं. एका कॉलेजच्या मुलीने साखळी बसवून द्यायला हात काळे केले. साखळी उतरलेलीच नव्हती, तर तिने ती आधी उतरवली आणि मग बसवली. जगात भली माणसं फार आहेत. त्या दिवसांत मला त्यांचा भारी उपद्रव झाला.

साहेबांनी विचारलं की हे करण्यामागे माझा हेतू काय होता. हेतू सूड घेण्याचा होता. "सूड" असं लिहू का, असं हवालदारांनी दोनदा विचारलं. लिहा. मला माणूस पकडून द्यायचा नव्हता, कारण पकडून दिला असता तर तोही गहाळ झाला असता. माझी अक्का जिथे जमिनीवर आली तिथेच तो जमिनीवर आलेला मला बघायचा होता.

काल ऊन उतरल्यावर एक मोटारसायकल माझ्यामागे हळू झाली. मी खाली बसल्या-बसल्या बघितलं. डावा आरसा नव्हता. हेल्मेटच्या काचेवर पांढरी चिकटपट्टी होती. आरसा नसण्याचं कारण मला त्याच क्षणी कळलं. हात बाहेर काढताना तो आड येतो. मी हलले नाही. त्याने फासात डावा हात घातला, मनगटाला एक वेढा घेतला आणि गाडी सोडली. वेढा त्याने स्वतःच्या मनाने घेतला. मी घ्यायला सांगितलं नव्हतं.

पट्टी ताणली गेली. गाडी पुढे गेली, तो मागे राहिला.

मी उठून त्याच्यापाशी गेले. तो म्हणाला, "काकू, हात सोडवा." मी म्हटलं, "फोन नीट धर बाबा, पडेल." मग मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

रुग्णवाहिका मीच बोलावली. बोलवायला उशीर का झाला असं विचारलंत. माझा खरा फोन सीटखालच्या पिशवीत होता, चेन लावून, वर बटण, आत दुसरं घर. सुरक्षित ठेवलेला फोन काढायला वेळ लागतोच.

तोवर माणसं जमली. पडलेल्या गाडीची बाजूची पेटी उघडली होती, तिच्यातून चार-पाच फोन आणि तुटक्या दोऱ्या रस्त्यावर आल्या. त्यांतच अक्काच्या दुकानाचा शिक्का असलेलं चष्म्याचं घर होतं. फोन त्यात नव्हता. ते घर मी उचललं नाही, जमलेल्या लोकांना तिथेच दाखवलं आणि तुमच्या माणसाला उचलू दिलं. ते आता टेबलावर आहे.

त्या तरुणाचा डावा खांदा निखळला असं डॉक्टरांनी सांगितलं. अक्काचाही डावाच. हे मी ठरवलेलं नव्हतं. गाडीचा वेग उजव्या हातात असतो, म्हणून असली कामं डाव्यानेच होतात.

आता त्यानेच माझ्यावर तक्रार दिली आहे की, रस्त्यात लोंबणारा फोन पडून फुटेल म्हणून तो नीट ठेवायला गेला आणि मी लावलेल्या सापळ्यात अडकून जखमी झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. हे वाचून दाखवलं तेव्हा मी हसले, हे खरं आहे. हवालदारही हसले.

यानंतर हवालदारांनी मला बाजूला घेऊन भल्यासाठी म्हणून सांगितलं की, "पट्टीने ओढला गेला असं लिहिलं तर ते तुमच्यावर येईल. जाणूनबुजून इजा केली असं होईल. त्यापेक्षा तोल जाऊन पडला असं लिहितो. तुम्हीही सुटाल, आम्हीही." माणूस वाईट नाही. हे कागदावर कसं लिहितील याचाच मी रात्रभर विचार करत होते, त्यामुळे उत्तर तयार होतं.

मी म्हटलं, तो तोल जाऊन पडला असेल, तर माझी अक्काही तोल जाऊनच पडली. तिच्या कागदात जे लिहिलंत ते मग खरं ठरतं, आणि मी त्याच्यावर सही करते. मी ते करणार नाही. तो पडला नाही, त्याला ओढलं. मी ओढलं. शिवण माझी, गाठ माझी, खांब मीच निवडला, तिसरा. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. पण ज्या शाईने माझं लिहाल त्याच शाईने तिचंही लिहा. तिचा फोन गहाळ झाला नाही, तो हिसकावून नेला. ती पडली नाही, तिला ओढलं. हे दोन शब्द अक्काच्या कागदात येईपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही आणि या बाकावरून उठणार नाही. डबा आणला आहे.

त्यावर मोठे साहेब आतून आले. त्यांनी चष्म्याचं घर हातात घेऊन पाहिलं, अक्काचा जुना कागद मागवला आणि तिचा पुरवणी जबाब घ्यायला सांगितलं. अक्का माझ्यासोबत आलीच होती, तिला बोलावून तो घेतला. आरसा लिहिला, चिकटपट्टी लिहिली, ते दोन शब्दही लिहिले. मला मात्र त्यांनी समज दिली की, या जबाबावरून माझ्याविरुद्धही गुन्हा दाखल होईल. ते मला समजलं आहे. पश्चात्ताप आहे का असं विचारलं. नाही. पट्टी परत मिळेल का, एवढं मी विचारलं. मिळणार नाही असं कळलं.

हा जबाब मला वाचून दाखवला. नंतर माझ्या सांगण्यावरून तो अक्काच्या कानाशी पुन्हा मोठ्याने वाचला. शेजारच्या खोलीत हात गळ्यात बांधून बसलेल्या तक्रारदारालाही तो ऐकू गेला असेल. जावा म्हणूनच मोठ्याने वाचायला सांगितला. "हिसकावून नेला" इथे अक्काने उजवा हात वर करून हवालदारांना थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी पुन्हा वाचलं. तिला ऐकू आलं. ती म्हणाली, सगळं बरोबर आहे, फक्त भाजीत मीठ जास्त पडतं ते तिच्या हातून नव्हे, माझ्या हातून, तेवढं दुरुस्त करा. ती दुरुस्ती मला मान्य नाही. बाकी जबाब मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.