पुतळ्याचा पत्ता

मुलाच्या, सोनूच्या शाळेसाठी रहिवासी दाखला काढायला दुर्गाबाई कचेरीच्या खिडकीशी उभ्या होत्या. रांगेत मागेच असलेल्या तेजस्विनीला कारकुनाचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

“पत्ता?”

“येरवड्यात परगावाहून आलेल्या मजूर कुटुंबाचा पुतळा हाये ना जी? त्याच्यामागं आमचं खोपटं.”

“मागं म्हणजे पत्ता नव्हे, बाई. पुतळ्याला आहे पत्ता, प्लॉट नंबरासकट.”

“पुतळा आमचाच हाये जी. तीन दिवस आमाले समोर उभं करून बनवला.”

“असेल. पण तो कायमचा, तुम्ही तात्पुरत्या.”

“दाखल्याबिगर शाळा पोराले घेत नाही.”

“मग मी काय करू?”

“पुतळ्यातल्या बाईच्या कडेवर सोनूच हाये. तिचंच पोर म्हणून लिहा त्याले. शाळेत नेऊन सोडाचं मी पाहीन.”