बिबट्याला पाठ दाखवायची नाही

अरे, पंधरा वर्षं शाळेच्या पोरांना नॅशनल पार्कात फिरवतोय मी, बिबट्याला कधी घाबरलो नाही. एकदाच तंतरली, ती पण आठवीतल्या एका पोरीमुळे.

मुलुंडची शाळा होती. बोरिवलीच्या गेटवरच मी नियम पाठ करून घेतला. "बिबट्या दिसला तर?"

"पाठ दाखवायची नाही, सर!"

झकास. आत गेल्यावर एका झाडाला मस्त टेकून मी पानांची माहिती देत होतो, तेवढ्यात तन्वी नावाची पोरगी ओरडली, "सर, बिब्बा! तुमच्या मागे बिब्बा!"

मला ऐकू आलं बिबट्या. मी झाडाला आणखी घट्ट चिकटलो आणि हळूच म्हणालो, "कोणी हलायचं नाही."

"सर, तुम्ही तरी हला ना!"

"गप्प! किती लांब आहे?"

"लांब कुठे, टेकलायत तुम्ही त्याला!"

यार, बिब्ब्याचं झाड होतं ते. खोडातून चीक गळत होता, तो अंगाला लागला की कातडी भाजल्यासारखी उतते. दर मे महिन्यात कणकवलीला गावी जाणाऱ्या तन्वीने ते बघताच ओळखलं. आणि मी जंगलातला मास्तर! आठवडाभर पालथा झोपलो.

मग शाळेतून मुलांचे सहलीचे निबंध आले. तन्वीने शेवटी लिहिलं होतं, "बिबट्याला पाठ दाखवायची नाही आणि बिब्ब्याला पाठ टेकायची नाही. पहिलं सरांनी सांगितलं, दुसरं करून दाखवलं."