आधी हसून घ्या

दोष माझ्या मामाचा आहे. आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत ऐकाल आणि वर म्हणाल, जाऊ दे रे, नशीब एकेकाचं! नशीब-बिशीब काही नाही. मामा. आईचा सख्खा भाऊ, एका टीव्ही वाहिनीत कोणते कार्यक्रम दाखवायचे ते ठरवणारा मोठा साहेब, डोक्यावर सहा केस आणि सहाच्या सहा काळे केलेले!

तुम्हाला सांगतो, हा माणूस आमच्याकडे यायचा तो मला बघायला. आजाऱ्याला बघायला येतात ना, तसा. मी कॉलेज सोडलेलं, दुसऱ्या वर्षाला, मधूनच... का सोडलं ते विचारू नका, मी सांगेन आणि तुम्ही माझ्या बाबांसारखं तोंड कराल. तर मामा यायचा, सोफ्यावर बसायचा, बसल्या बसल्या मोजे काढायचा, काढलेले मोजे चहाच्या कपाशेजारी ठेवायचा, शी! आणि माझ्या खोलीकडे हनुवटी उडवून आईला विचारायचा, "काय करतो दिवसभर?" आई म्हणायची, "ते जपानी काहीतरी बघत असतो. ॲनिमे म्हणतात म्हणे." की मामा लगेच, "म्हणजे कार्टूनच ना?"

म्हणजे कार्टूनच ना! अहो, मी समजावलं या माणसाला. म्हटलं मामा, त्यात युद्धं असतात, म्हातारपण असतं, बायको गेलेला माणूस एकट्यानं घर कसं आवरतो हे अर्धा तास एक शब्द न बोलता दाखवतात, तुझ्या वाहिनीवर अर्ध्या तासात तीन सुना रडतात आणि गोष्ट एक इंच पुढे सरकत नाही! मामानं शांतपणे ऐकलं. पायाचा अंगठा खाजवला. म्हणाला, "हो रे, पण चित्रं हलतात, म्हणजे कार्टूनच ना?"

आणि मग एक दिवस हाच मामा मोजे न काढता आत आला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. म्हणाला, "आमच्या वाहिनीकडे तरुण पोरं फिरकत नाहीत रे. तुझ्या त्या कार्टूनवाल्यांसाठी एखादा कार्यक्रम सुचव की. गाणी, खेळ, गंमत, सगळं एका तासात." आणि मी, गाढव, सुचवला! तीन दिवसांत अख्खी वही भरली. दर भागात एक खटला, एखाद्या मालिकेचा शेवट बरोबर की चूक, दोन चाहते भांडणार, तिसरा न्यायाधीश. मालिकांची सुरुवातीची गाणी चाहत्यांनीच वाजवायची, बासरी असो नाहीतर पत्र्याचा डबा. एकानं तिथेच बसून वीस मिनिटांत चित्र काढायचं. आणि सगळ्यात शेवटी, दिवे कमी करून, एकानं पडद्यासमोर उभं राहायचं आणि एका प्रसंगाला आपल्या भाषेत आवाज द्यायचा. बस. तुम्हाला सांगतो, त्या तीन दिवसांत बाबांनी मला दोनदा विचारलं, "जेवलास का?" दोनदा! दोन वर्षांत पहिल्यांदा.

तो शेवटचा आवाजाचा भाग मी एका माणसासाठीच लिहिला होता. माझा मित्र. आम्ही त्याला रेडिओ म्हणतो. झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. बोलताना अडखळतो, म्हणजे नुसतं स्वतःचं नाव सांगायचं तरी समोरचा घड्याळ बघायला लागतो... मी आत्ता सगळ्यांच्या नकला करणार आहे, ही करणार नाही. त्यानं दुकानात एक पाटी करून ठेवलीय, स्वतःच्या सुंदर अक्षरात. एका बाजूनं. दोन्ही बाजूंनी. साधी. रंगीत. गिऱ्हाईक आलं की हा पाटीवर बोट ठेवतो, गिऱ्हाईकही बोट ठेवतं, काम झालं, तोंड उघडायलाच नको. पण हाच माणूस रविवारी माझ्या खोलीत ॲनिमेचा आवाज बंद करायचा आणि स्वतः बोलायचा. म्हातारा, पोरगी, राक्षस, सगळे! आणि एकदासुद्धा, एकदासुद्धा अडखळायचा नाही. का, ते त्यालाही माहीत नाही. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. त्याच्या आईलासुद्धा नाही.

मी म्हटलं, तू यायचं. तो नाही म्हणाला. हे सांगायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात मी त्याला पटवून टाकलं. "मी आहे ना!" म्हटलं. मी आहे ना. कोण होतो मी?

तर वाहिनीच्या कचेरीत बैठक. लांबलचक टेबल, सात माणसं, सगळ्यात तरुण माणसाला नातू झालेला! एक बाई माझी वही दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, "छान आहे, पण खटला कशाला? त्यापेक्षा आयांना बोलवू. मुलगा वाया गेला म्हणून आई रडेल." दुसरे एक गृहस्थ, दात कोरत, "एक डॉक्टर हवा. कार्टूनचे दुष्परिणाम." दात कोरून झाले, काडी माझ्या वहीवर ठेवली! वहीवर! मी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे साहेब, शेवटी कार्टूनच ना." आणि नाव काय ठेवलं माहितीये? 'अजून लहानच!' उद्गारचिन्हासकट. वहीतला वाचला तो फक्त शेवटचा आवाजाचा भाग.

तेव्हाच उठायला हवं होतं. कबूल. पण घरी बाबा विचारत होते ना, जेवलास का...

चित्रीकरणाचा दिवस. आदल्या दिवशी त्याच जागेत स्वयंपाकाचा कार्यक्रम झालेला, सगळीकडे जळक्या तेलाचा वास, गुलाबी कागदी फुलं चिकटवलेली तीसुद्धा तेलकट. तोंडाला रंग लावणाऱ्या माणसाकडे चाळीस जणांत एकच ओला स्पंज, माझ्या आधीच्याला सर्दी. आणि सूत्रसंचालक! पन्नाशीचा विनोदी नट, डोक्यावर पिवळ्या केसांचा टोप, टोपातून घाम गळतोय, तो घाम तो एका रुमालानं पुसतोय आणि त्याच रुमालानं माईक पुसतोय. मला बघून म्हणतो कसा, "काय पिल्लू, आईनं सोडलं का एकट्याला?" आणि स्वतःच हसतो. शी!

आता नीट ऐका, कारण सगळा घात इथे आहे. मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. टीव्हीवाले लोकांचं हसू आधी कॅमेऱ्यात काढून ठेवतात! कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, सकाळी, ताजे असताना. एक माणूस कानाला यंत्र लावून समोर आला. "चला मंडळी, आधी हसून घ्या! टाळ्या नंतर. जोरात! अजून! पोट धरून!" कशाला हसायचं? कशालाच नाही. समोर रिकामी खुर्ची. आणि आम्ही चाळीस जण त्या खुर्चीला हसलो. रेडिओ माझ्या डाव्या हाताला बसलेला. मी सगळ्यात जास्त हसलो. मांडीवर थाप मारून, उजवीकडच्या शेजाऱ्याच्या अंगावर पडून. तो माणूस कॅमेरावाल्याला ओरडला, "याला धर, याला! काय हसतो बघ!" आणि मला बरं वाटलं हो. दोन वर्षांत मी काहीतरी छान करतो असं कोणी म्हणालं नव्हतं.

मग आया रडल्या, डॉक्टर बोलले, सगळी घाण पार पडली आणि शेवटी रेडिओची पाळी आली. सूत्रसंचालकानं नाव विचारलं. तो अडकला. पिवळा टोप वाट बघत उभा, भुवया वर. मग पडद्यावर प्रसंग लागला. परत आलेला सैनिक, आणि त्याला न ओळखणारी त्याची आई. आणि रेडिओ बोलायला लागला. तीन मिनिटं. दोघांचे आवाज, मधला श्वाससुद्धा. तुम्हाला सांगतो, दिवेवाला तोंडातलं चघळायचा थांबला. आया, ज्या मघाशी पैज लावल्यासारख्या रडत होत्या, त्या आता खरंच रडल्या. संपलं तेव्हा टाळी वाजवायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. रेडिओ परत माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आईला दाखवीन." एका दमात म्हणाला. न अडखळता.

मागे मामा कोणाला तरी सांगत होता, "हे फार गंभीर झालं हो. जरा हलकं करून घेऊ."

शनिवारी संध्याकाळी सहाला लागला कार्यक्रम. आमच्याकडे आई, बाबा, मामा, मामाचे मोजे. रेडिओकडे तो, त्याची आई आणि तिनं बोलावलेले अख्ख्या मजल्यावरचे शेजारी. पडद्यावर रेडिओ नाव सांगताना अडकला... आणि लगेच मी. पोट धरून हसताना. पुन्हा रेडिओ, सैनिक आईला म्हणतो, मी आलो... आणि लगेच मी, मांडीवर थाप मारून! ती म्हातारी विचारते, तू कोण... आणि मी, शेजाऱ्याच्या अंगावर कोसळतोय! चार वेळा. मी मोजलं. बाबासुद्धा हसले हो. म्हणाले, "तू चांगला दिसतोस की टीव्हीवर!"

मी मामावर ओरडलो. जे जे ओरडता येतं ते सगळं. आई म्हणाली, मोठ्यांशी असं बोलतात का? मोठे! कशानं मोठे? मामा जराही चिडला नाही. "अरे, असंच करतात सगळीकडे. लोकांना आवडलं. आणि एवढं काय मनाला लावून घ्यायचं? म्हणजे शेवटी कार्टूनच ना?"

रेडिओनं फोन उचलला नाही. रविवारी आला नाही. सोमवारी मी दुकानात गेलो. घडाघडा सांगितलं सगळं, ते हसू सकाळचं होतं, खुर्चीला होतं, तुला नव्हतं, तू शेजारीच होतास ना माझ्या, तुला माहितीये ना! तो ऐकत होता. मशीनमधून कोणाची तरी पानं बाहेर पडत होती, तो ती सारखी करत होता. मी म्हटलं, बोल ना काहीतरी. शिव्या दे. कुठल्याही आवाजात दे!

त्यानं पाटी उचलली, माझ्याकडे वळवली, आणि मी बोट ठेवायची वाट बघत उभा राहिला.

मामाचा कार्यक्रम अजून चालू आहे. मला मित्र एकच होता. तो गेला.