निवेदिताचा पत्ता

कूडरी, बसा की हो, नागोजी अण्णा — पोलीस झालात म्हणून काय उंबऱ्यातच उभं राहायचं? अळनावरचे म्हणता, म्हणजे मराठी येतंयच, नाहीतर कानडीत बोलू — सरकारला काय, सगळ्याच भाषा कळतात! घ्या, चहा घ्या. तर निवेदिताच्या पासपोर्टची चौकशी — पोरगी परदेशात बसून काहीबाही लिहिते म्हणे? लिहिते की! तिकडच्या सरकारनं लोकांचे खाजगी निरोप वाचायचा कायदा केला, त्यावर हिनं मैत्रिणीला टवाळीच्या चार ओळी पाठवल्या — आणि त्या त्यांनी वाचल्या! म्हणजे पोरीचं खरंच ठरलं की हो. वर इकडं कळवलं, दोन्ही सरकारांचा करार आहे म्हणे. आमची नळाची तक्रार ह्या मळमड्डीतून हुबळीच्या कचेरीत पोचेपर्यंत नळ गंजतो — आणि हे समुद्र ओलांडून थेट तुमच्या खिशातल्या फोनात. कौतुक आहे बाई.

विचारा, विचारा. आईपासून ती काही लपवत नाही — दर रविवारी फोन, काय रांधलं, काय खाल्लं, सगळं सांगते. जावई, मुकुल, तो तेवढा फोनवर येत नाही, लाजाळू आहे — कधी आंघोळीला गेलेला, कधी बाजारात. दिवाळीला दोघं येणारायत, गादीला नवी खोळसुद्धा शिवून घेतलीय मी. पत्ता? लग्नानंतरचाच की, तळ्याकाठचा — काय? बदलला? छे हो, तुमच्या यंत्राचं काहीतरी चुकलंय. एका खोलीत? एकटीच? — मग मुकुल? — गेल्या वर्षापासून वेगळे? कोर्टात अर्जसुद्धा केलाय? बरं.

बरं. म्हणजे हे तिनं तिथल्या कोर्टात सांगितलं, ते त्या सरकारला कळलं, त्यांनी आपल्या सरकारला, आपल्यांनी तुम्हाला — आणि तुम्ही मला. छान वाट काढलीत. पोरीनं वर्षभर दर रविवारी हसून हसून दाबून ठेवलेलं, ते तुम्ही माझाच चहा पिता पिता — नको, पाणी नको. मला काही झालेलं नाही.

काय म्हणालात? घरच्यांपासूनही लपवते म्हणजे संशयाला जागा आहे, पासपोर्ट अडेल? — मग टाका तुमच्या फोनात, मोठ्या अक्षरात टाका: आईला सगळं ठाऊक होतं. नवी खोली, वेगळं राहणं, पहिल्या दिवसापासून सगळं. मघाशी वेगळं बोलले? म्हातारी आहे हो, गोंधळले. आणि मघाचं ऐकलं कोणी, तुम्हीच ना? — काय? तो फोन मघापासून चालूच आहे? सगळं त्यात गेलं?

असू दे. राहू दे चालू. ऐका म्हणावं, इकडच्यांनी ऐका, तिकडच्यांनी ऐका — मी रविवारी पोरीला काही विचारणार नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. तो कप ठेवा खाली, अण्णा. आणि जाताना दार ओढून घ्या.