माळावरची तिसरी हाक

ऐका गं बायांनो, आन् गड्यांनो, तुमीबी ऐका. टँकर काय इतक्यात येत न्हाई. पयला तिकडं माळावर रिकामा होणार, मग उरलंसुरलं आपल्या दारात. तवर ह्या घागरी राखत बसायचंच हाय, तर जरा गप बसा. रंगा, तो फोनचा उजेड बंद कर बाबा, डोळ्यात जातोय माझ्या.

मायाप्पा सनगराचं सांगते. होय, तोच तो घोंगडीवाला. हाक मारली तर वळूनबी बगत न्हाई तो. तुमी म्हणता म्हातारा बहिरा झालाय. बहिरा न् बिहिरा! पाल भितीवरनं गेली तरी त्याला ऐकू येतं. मग ओ का देत न्हाई? तेच सांगते. आन् मधी मधी खोकू नका.

आपला माळ तुमाला ठावाच हाय. वाळवंट बगायला आपल्याला लांब जायला लागत न्हाई. कुसळाबिगर काय उगवत न्हाई, वारा सुटला का धुरळ्यात शेजारचा माणूस दिसत न्हाई. त्या माळावर हाकेवाली हाय. जुनी हाय, माझ्या आजीच्याबी आदीची. दुष्काळात तिचा नवरा पाणी बगायला म्हणून माळात शिरला, आन् ही मागनं हाका मारत निघाली. त्यानं ओ दिली न्हाई. त्याला ऐकू गेलं न्हाई का कसं, देव जाणे. घसा सुकून मेली बिचारी. तवापासनं हाका मारती. रातच्याला माळावरनं कोण निघालं का त्याच्याच माणसाच्या आवाजात मारती. ओ दिली का संपलं! माणूस आवाजाच्या मागं मागं जातो, आन् सकाळी सापडतो तवा तोंडात माती असती.

पण एक सोय होती. दोन हाका मारल्या का तिचा घसा कोरडा पडायचा. तिसरी निघायचीच न्हाई. म्हणून तर आपल्यात पद्धत पडली, रातीला कुणीबी हाक मारू दे, तिसऱ्या हाकंलाच ओ द्यायची. तिसरी आली म्हंजे माणूसच. अडचणीतला माणूस तिसरी मारणारच, आन् आपण कंदील घेऊन पळायचं. किती जणांचे जीव वाचलेत त्या तिसऱ्या हाकंवर.

मग त्या इमारती आल्या. डाटा सेंटर का काय म्हणतात ते. खिडकी न्हाई, ओसरी न्हाई, नुसत्या पांढऱ्या भिती, माळभर. आत माणसं कमी, यंत्रंच जास्त. ती यंत्रं रातंदिस तापतात, मग त्यांना गार करायला पाणी. बोअर मारले, लई खोल. टाक्या बांधल्या, देवळाच्या शिखरापेक्षा उंच. ज्या माळानं पाणी कसलं असतं ते बगितलं न्हवतं, त्या माळावर पायपातनं पाणी खेळायला लागलं. आपल्या विहिरी तळाला गेल्या. जो तो विहिरीचंच बोलायचा. हाकेवालीचा इचार एकाच्याबी डोस्क्यात आला न्हाई.

आता मायाप्पाची बायको, हौसा. तुमच्यातल्या नव्या सुनांनी बगितली न्हाई तिला. काय बाई होती! लोकर कातावी तर तिनंच, आन् भांडावंबी तिनंच. नवऱ्याला हाक मारायची, "अवो, ऐकताय न्हवं?" पयली हाक गोड. दुसरी जरा चढी. आन् तिसरी मारायची पाळी आली का सगळी गल्ली दारात, "कान फुटले का तुमचे? का गाडून घेतलं सवताला?" मग हा हसत हसत म्हणायचा, "ओ!" मुद्दाम थांबायचा हो गडी. तिचं ते खेकसणं ऐकल्याबिगर त्याला करमायचं न्हाई.

एकदा मायाप्पा लांबच्या बाजाराला गेलता, मुक्कामाला. हौसानं शेजारच्या पोरीकडनं फोनात बोलून पाठवलं, "अवो, ऐकताय न्हवं? लवकर या घरला. मला बरं वाटंना." ह्याच्या पुढ्यात गिऱ्हाईक. ह्यानं ऐकलं, आन् म्हणला, रातीला निवांत बोलू. ओ काय दिली न्हाई. रातीला घरनंच निरोप आला. हौसा गेलती.

जीवाला लागलं त्याच्या. लागणारच की! मग तो फोनातला आवाज एवढंच त्याचं धन झालं. रोज जेवण झालं का लावायचा. "अवो, ऐकताय न्हवं?" आन् हा भितीला टेकून म्हणायचा, "ओ गं, ओ." मी माझ्या ओट्यावरनं ऐकायची. हातातला घास मी तसाच ताटात ठेवायची. आन् त्याचं नशीब बगा! घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ उकळत होती, तो वाकला, आन् खिशातला फोन डब्बकन त्यात. गेला फोन. आवाजबी गेला.

बाजारातल्या मोबाईलवाल्यानं फोन उलटापालटा केला आन् म्हणला, "मामा, फोन मेला तुमचा. पण आवाज फोनात नसतोच की. सगळ्या जगाचे आवाज त्या डाटा सेंटरात ठेवलेले असत्यात. तुमच्याच माळावर हाय, जावा, मागून आणा."

चेष्टा केली मुडद्यानं! पण मायाप्पाला ती कळंना. त्याला वाटलं, हौसा इथं कोसभरावर कुलपात हाय आन् मी येडा घरात बसून रडतोय.

झालं. त्याच सांजच्या गाडीनं फाट्यावर उतरला. अंधार पडलेला. खांद्यावर न खपलेली एक घोंगडी, हौसानं कातलेल्या लोकरीतली शेवटची. हातात बॅटरी. एक वाट गावाकडं, एक माळाकडं. फाट्यावरचा चहावाला म्हणला, "मायाप्पा, आता कुठं तिकडं?" हा म्हणला, "घरच्या माणसाला आणायला चाललोय." चहावाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

गेटवर पोचला. आत दिव्यांचा लखलखाट, आन् भितीतनं आवाज येतोय, घूंऽऽऽ. थांबायचं नावच न्हाई. वॉचमन पोरगा बिचारा बरा होता. हा त्याला म्हणतो, "आमच्या मंडळींचा आवाज तुमच्याकडं ठेवलाय. नेत न्हाई मी. एकदा ऐकवा, एकदाच ओ देतो आन् जातो."

पोरगा पयलं हसला. मग ह्याच्या तोंडाकडं बगून हसू आवरलं. म्हणला, "मामा, मी आत कवा गेलेलोच न्हाई. मला गेटाच्या आत सोडत न्हाईत. आन् आतबी कोण कुणाचा आवाज ऐकत बसत न्हाई. नुसती कपाटं हायत म्हणे, लोखंडाची." त्यानं थंडगार पाणी पाजलं आन् बजावलं, "डांबरी सडकंनं जावा. भितीकडच्या पायवाटंनं जाऊ नका. तिकडं पायप गळतोय. रातीचं तिकडं कोणतरी येतं."

ऐकलं का त्यानं? न्हाई ऐकलं! सडकंनं लांब पडतं, पायवाटंनं जवळ. आन् खरं सांगू का, त्याला त्या भितीला चिकटून चालायचं होतं. जणू आतनं ऐकू येईल.

आता जवळ सरका जरा. मागं कोण बसलंय? तुळसा? ये, ये इकडं.

भित संपत आली, तिथं तो गळका पायप. मायाप्पाला आवाज आला. गट्, गट्, गट्. कोणतरी पाणी पितंय. जनावर असंल, म्हणला. बॅटरी मारली. कोण न्हाई! खाली चिखल, आन् चिखलात पावलं. बाईची, अनवाणी. माळाकडनं पायपापर्यंत आलेली. माघारी गेलेलं एक पाऊल न्हाई.

बॅटरी गेली. थोपटली, हलवली. न्हाईच लागली.

आन् मागनं आवाज आला, "अवो, ऐकताय न्हवं?"

हौसाचा! तोच गोडवा. मायाप्पाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण गडी आपल्यातला, पद्धत ठावी. ओठ मिटले आन् चालत राहिला. मागनं जोडव्यांचा आवाज, टिक्, टिक्. "अवो, ऐकताय न्हवं?" दुसरी हाक. जरा चढी.

तेव्हा तो थांबला. भ्याला म्हणून न्हाई. रडायला आलं म्हणून थांबला. त्याच्या मनात आलं, हाकेवाली असली तर असू दे, आवाज तर माझ्या हौसाचा हाय. आता तिचा घसा सुकणार, आन् परत जल्मात हा आवाज ऐकू येणार न्हाई. तो तसाच अंधारात उभा राहिला. वाईट वाटून घेत उभा राहिला हो, भुताचा घसा सुकणार म्हणून!

आन् तिसरी हाक आली.

"अवो, ऐकताय न्हवं?"

आता सांगा! बापजाद्यांनी शिकवलेलं, तिसरी आली म्हंजे माणूसच. पाय वळले त्याचे. तोंड उघडलं. ओ अगदी जिभेवर आली. पण ती हाक गोड होती. पयलीसारखीच गोड. मायाप्पा चपापला, आन् येड्यानं काय करावं? तोंडानं बोलून दाखवलं, "माझी हौसा तिसऱ्या हाकंला गोड बोलत न्हाई. खेकसती ती."

बोलायचं न्हवतं रे बाबा! मनातलं मनात ठेवायचं होतं!

सगळं चिडीचूप. जोडवी थांबली. भितीतली घूंऽऽऽ तेवढी चालू. मग लांबनं, पायपाकडनं, परत गट्, गट्, गट्. घसा ओला करून घेत होती. मायाप्पाला तेव्हा कळलं, तिसरी कशी आली ते. कोरड्या माळावर तिला दोनच यायच्या. आता पाणी हाय. आता रातभर मारील.

पळत सुटला. धोतर सावरत, ठेचा खात. शिवंचा दगड अजून लांब, हाकेवाली शीव ओलांडत न्हाई एवढाच काय तो आधार. आन् त्याला दुसऱ्या कशाचं न्हाई, सवताच्या तोंडाचं भ्या वाटत होतं. खांद्यावरची घोंगडी ओढली, तिचं टोक तोंडात कोंबलं. खरबरीत लोकर, पार घशापर्यंत.

वेळंवर कोंबलं. कारण कानाच्या मागनं, इतक्या जवळनं, हाक आली, "कान फुटले का तुमचे? का गाडून घेतलं सवताला?"

हौसाच! अगदी तशीच, तोच खेकस, शेवटाला आवाज फाटायचा तो तसाच फाटलेला. हीच ऐकायला तर तो इतके दिवस झुरत होता. फोनातबी न्हवती ही. मायाप्पा म्हणला, "ओ!"

होय, दिली त्यानं ओ! मनापासनं दिली! पण तोंडात घोंगडी. ती ओ त्या लोकरीतच राहिली, भाईर आली न्हाई. हौसानं कातलेल्या लोकरीनं गिळली ती.

मग काय हाका सुटल्या! गोड, चढी, फाटकी, रडकी. ह्या कानाशी, त्या कानाशी. डोळ्यातनं पाणी, तोंडात लोकर, आन् हा पळतोय. शेंदूर लावलेला दगड दिसला. एक पाय पलीकडं टाकला, तोच मागनं एकदम हळू आवाज आला. दमलेला, आजारी. "द्या की ओ. तवाबी दिली न्हाई तुमी."

त्यानं दुसरा पायबी उचलला आन् पलीकडं पडला.

चहावाल्यानं सांगितलं म्हणून सकाळी मीच गेलते शोधायला. दगडाला मिठी मारून पडलेला. दातखीळ बसलेली. घोंगडीचं टोक त्याच्या दातातनं मीच सोडवलं. शुद्धीवर आला तर पयलं काय बोलावं? "आत्ती," म्हणला, "तिचं खेकसणं माझ्या एकट्याकडं होतं. तेबी मी देऊन आलो." आन् हमसून हमसून रडला. मी त्याला उठवून बसवलं. पाणी दिलं, तर पाण्याकडं बगून तोंड फिरवलं त्यानं.

तो वॉचमन पोरगा नोकरी सोडून गेला. म्हणे रातीला भितीकडनं एक बाई शिव्या देती, कान फुटले का म्हणून. हसू नका. मायाप्पाला हे कुणी सांगितलं न्हाई, पण वारा तिकडनं सुटला का तो दार लावून घेतो. आन् सांजच्याला गल्लीत कुठली बाई नवऱ्याला हाक मारायला लागली, का घोंगडीचं टोक तोंडात धरतो. बगा कवातरी त्याच्या दारावरनं जाताना. त्याला आता आठवंना झालंय, हौसा कशी हाक मारायची आन् ती हाकेवाली कशी मारती. दोन्ही एकच झालंय त्याच्या डोस्क्यात.

तर ती भितीकडची वाट धरायची न्हाई. जवळची असली तरी न्हाई, घाई असली तरी न्हाई. आन् तिसऱ्या हाकंचं जे शिकवलं होतं, ते इसरा. गेलं ते. आता माळावरनं कितींदाबी हाक येऊ दे, ओ द्यायची न्हाई. मग तिथं खरंच कुणी पडलेलं असंल, पाय मोडून, तर? होय गं तुळसा, मलाबी तेच वाटतं. रातीला झोप लागत न्हाई मला त्यानं.

ते बगा, दिवे दिसले. आला टँकर. उठा, घागरी लावा, ढकलाढकली करू नका. आन् घरला जाताना अंधारात मागनं कुणी हाक मारली, माझ्या आवाजात मारली तरी, वळू नका. मी कुणाला हाक मारणार न्हाई. काय लागलं तर चालत येईन तुमच्या दारात, आन् तोंड दाखवीन.