मल्लाप्पाची म्हस

अरे, लातूर जिल्हा झाला त्या दिवसांतला दुष्काळ. उदगीरला मी नाटकात एक मायाळू, पण अचाट ताकदीचा पैलवान लिहिला. काम धान्याच्या मोंढ्यातल्या मल्लाप्पा हमालाला दिलं. एका प्रवेशात त्यानं तान्हं लेकरू कुशीत घ्यायचं. त्यासाठी मी माझीच लेक आणली.

तालमीत मी वाचलं, "हा माणूस म्हणजे वाघ!"

मल्लाप्पा म्हणाला, "वाघ नगं गुरुजी, म्हस लिहा."

सगळे खो खो हसले.

"जनावरांच्या छावणीत आमची म्हस रेडकाला चाटता चाटता त्याच्यावरच बसली. मेलं ते. तरी ती चाटतच राहिली."

मल्लाप्पानं माझ्या लेकीकडं बघितलं अन् दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"हिला माझ्याकडं नका देऊ गुरुजी. मला लई आवडती ही."