सगळ्यात मोठा नंबर सुरभीचा

(लोहाऱ्यातलं लग्न आटोपून नयन आणि त्याची बायको दिपाली मोटारसायकलनं आर्णीला परत निघालेत. वाटेत चहाच्या टपरीवर थांबलेत.)

दिपाली : फोन नंबर असता तं दहा आकडे असते. तिच्या मोबाईलच्या कव्हरवर आठच होते. मी सहज विचारलं, सुरभीताई, हा कशाचा नंबर? तं पंगतीत सगळ्या बायांसमोर म्हणते, कॉलेजात होतो तवा वाढदिवसाले नयननं देल्ला.

नयन : वर्गात होती माह्या. लोकं फुलं देतेत, आमी गणितवाले नंबर देतो.

दिपाली : मले तं लग्नाच्या आठ महिन्यात एक आकडा नाही भेटला.

नयन : तुले पैंजण आणले ना.

दिपाली : पैंजण दुकानात भेटतेत. काय आहे त्या नंबरात?

नयन : सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन. मूळ संख्या आहे. एक अन् तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही.

दिपाली : अशा लय असतीन.

नयन : असतेत. पण याचा शेवटचा आकडा काढून टाक. उरलेल्यालेही भाग जात नाही. आणखी एक काढ, तरी नाही. काढत काढत नुसता सात उरते, त्यालेही नाही.

दिपाली : म्हणजे कितीही तोडा, तुटत नाही.

नयन : असं मी तिले म्हटलं नव्हतं.

दिपाली : म्हणायले कायले पाह्यजे? तिले समजलं.

नयन : दोन पोरं आहेत तिले, दिपाली.

दिपाली : कव्हर तं नवं होतं. माहा जीव जळून राह्यला, खरं सांगते. मले याच्याहून मोठा द्या.

नयन : नाही.

दिपाली : देत नाही?

नयन : नाहीच आहे. असा मोठ्यात मोठा तोच. त्याच्यापुढं कोणताही आकडा लावून पाहा, भाग जाते. लोकायनं शोधून पाह्यलं, तिथंच संपते.

दिपाली : सगळ्यात मोठा तिले देऊन बसले. आता मले त्याच्याहून लहान घ्या लागन.

नयन : थांब. शेवटून नाही, सुरुवातीकडून तोडत गेलं तं एक आहे. चोवीस आकड्यांचा. त्या जातीतला तोच सगळ्यात मोठा. तिच्या नंबरच्या तिप्पट लांब. तो तुहा.

दिपाली : चोवीस?

नयन : चोवीस.

दिपाली : सांगा मंग.

नयन : तीन पाच सात सहा आठ सहा... सहाच्या पुढं... थांब, मोबाईलवर पाहून सांगतो.

दिपाली : राहू द्या.

नयन : अवं, एवढा मोठा कोणाच्या ध्यानात राहते?

दिपाली : तिचा तुमी चहा पेता पेता सांगितला.